दोन पक्षांची भानगड

प्रिय आई-बाबा,

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात ना, "तुमच्या अमेरिकेत बरंय, दोनच पक्ष, आमच्यासारखी भानगड नाही", तेव्हा पोळ्या लाटत होते म्हणून नुसतं हो हो केलं, पण ते डोक्यातून जाईना.

भानगड इथेही आहेच, फक्त आधी होते. 2019 ला 24 ऑक्टोबरला आपल्या विधानसभेचा निकाल लागला आणि तुम्ही महिनाभर टीव्हीसमोरून हलला नाहीत, पहाटेचा शपथविधी काय न काय काय. इथे ती सगळी मारामारी मतदानाच्या आधी, पक्षाच्या आतच, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत उरकतात. बर्नी सँडर्स तर कागदोपत्री अपक्ष सिनेटर, पण राष्ट्राध्यक्ष व्हायचं म्हटल्यावर 2016 आणि 2020 ला डेमोक्रॅट्सच्याच प्रायमरीत उतरावं लागलं त्यांना, आपल्याकडे असते तर कधीच स्वतःचा पक्ष काढून चिन्ह घेऊन मोकळे झाले असते!

आणि माझी गंमत ऐका. पेनसिल्व्हेनियात मतदार नोंदणीच्या फॉर्मवरच पक्ष विचारतात. मी शहाणी, 'कुठलाच नाही' लिहिलं, मग कळलं की असं लिहिलं की प्रायमरीत मतच देता येत नाही. म्हणजे खरी निवड जिथे होते तिथे मी दाराबाहेर.

तिसरे पक्ष आहेत हो, ग्रीन, लिबर्टेरियन वगैरे, पण राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या वाट्याच्या इलेक्टोरल मतांवर, आणि बहुतेक राज्यांत जो पहिला त्याला त्या राज्याची ती सगळी मतं. 1992 ला रॉस पेरो या अपक्ष उमेदवाराला देशभरात जवळजवळ 19% मतं पडली आणि इलेक्टोरल मतं किती, तर शून्य, कारण एकाही राज्यात तो पहिला आला नाही. 2000 ला फ्लोरिडात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट गोरविरुद्ध जिंकले 537 मतांनी आणि तिथेच ग्रीन पक्षाच्या नेडरला 97 हजारांवर मतं, त्याने गोरची मतं खाल्ली म्हणून लोक अजून दातओठ खातात. मग 'मत वाया नको' म्हणत सगळे त्याच दोन पक्षांकडे, डेमोक्रॅट नाहीतर रिपब्लिकन.

एक मात्र आवडतं, आपल्यासारखा व्हिप मोडला की आमदारकी गेली असं इथे नाही. 2017 ला रिपब्लिकन सिनेटर मॅककेननी स्वतःच्याच पक्षाचं आरोग्य विधेयक अंगठा खाली करून पाडलं आणि सिनेटर राहिले की.

आई, तू विचारलंस मी मत कुणाला दिलं. नाही सांगणार. तू तरी एवढ्या वर्षांत बाबांना कुठे सांगितलंयस?

तुमची,
चिमी