डायनिंग कार आणि लाउंज डब्याच्या नव्या रचनेबाबत तक्रार

नाशिक रोड, नाशिक
दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दक्षिण भारत यात्रेच्या विशेष गाडीतील डायनिंग कार व लाउंज डब्यात झालेली गैरसोय, जाहिरातीतील दिशाभूल आणि भाड्याचा काही भाग परत मिळण्याबाबत.

महोदय,

भारत गौरव योजनेखाली (रेल्वेकडून गाडी भाड्याने घेऊन पर्यटन-यात्रा चालवण्याच्या योजनेखाली) आपली कंपनी चालवत असलेल्या यात्रा-गाडीने गेल्या डिसेंबरमध्ये आमच्या कुटुंबातील सहा जणांनी नाशिक रोडहून तिरुपती, मदुराई, रामेश्वरम आणि कन्याकुमारी असा प्रवास केला. गाडी वेळेवर सुटली, अंथरूण-पांघरूण स्वच्छ होते आणि आपले कर्मचारी सौजन्याने वागले, हे प्रथमच नमूद करतो. माझी तक्रार दोन डब्यांपुरती आहे. परंतु ज्या दोन डब्यांचे नूतनीकरण झाल्याचे सांगून आपण या वर्षी भाडे वाढवले, तेच हे डबे असल्यामुळे ती किरकोळ मानू नये, अशी विनंती आहे.

आम्ही याच कंपनीच्या जुन्या गाडीने पूर्वी प्रवास केलेला आहे. त्या डायनिंग कारमध्ये चार-चार जणांची टेबले होती, जेवण टेबलावर वाढले जात होते आणि घरातील वडीलधारी मंडळी तासभर तेथे निवांत बसत असत. या वेळच्या माहितीपत्रकातही तशाच टेबलांची छायाचित्रे छापलेली आहेत. स्वयंपाक गाडीतच होईल, जेवण टेबलावर वाढले जाईल आणि लाउंजमधून बाहेरचा प्रदेश पाहता येईल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हे माहितीपत्रक मी सोबत जोडले आहे. प्रत्यक्षात या तिन्हींपैकी एकही गोष्ट आम्हाला मिळाली नाही.

अंबड औद्योगिक वसाहतीत माझा फर्निचरचा कारखाना आहे. बसण्याची सोय करताना कोणत्या बाबी पाहाव्या लागतात याची मला माहिती असल्यामुळे या डब्याविषयी थोडे तपशिलाने लिहितो. डब्याच्या एका बाजूची सर्व टेबले काढून तेथे खिडकीलगत अरुंद फळी बसवली आहे आणि तिच्यासमोर जमिनीत पक्की केलेली उंच स्टुले आहेत. मी टेपने मोजले तेव्हा स्टुलाची बैठक जमिनीपासून ३० इंच भरली. त्याला पाठ नाही, हात नाहीत आणि पाय टेकवण्याची दांडी इतकी खाली आहे की मध्यम उंचीच्या माणसाचे पाय लोंबकळतच राहतात. माझ्या आईचे वय ७८ आहे आणि तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. धावत्या गाडीत अशा स्टुलावर चढणे तिला अशक्य होते. गाडीतील बहुसंख्य यात्रेकरू तिच्याच वयाच्या आसपासचे होते, आणि तीर्थयात्रेच्या गाडीत ते तसे असणारच, हे आपल्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला जी टेबले आहेत ती दोघांपुरती असून त्यांवर समोरासमोर दोन ताटे ठेवली की पाण्याच्या बाटलीलाही जागा उरत नाही. धावत्या गाडीतील टेबलाला कडेने बोटभर उंचीची पट्टी असावी लागते, म्हणजे ब्रेक लागला तरी भांडे घसरत नाही. या टेबलांना ती नाही. गुळगुळीत सनमायका कडेपर्यंत तसाच सोडला आहे आणि कोपरे गोल केलेले नाहीत. गुंटकलजवळ गाडीला धक्का बसला तेव्हा आमच्या शेजारच्या टेबलावरील सांबाराची वाटी सरळ एका काकूंच्या मांडीवर आली. सांबार कोमट होते म्हणून भाजले नाही. ते गरम असते तर काय झाले असते, याचा विचार हा डबा रेखाटणाऱ्याने करायला हवा होता.

सांबार कोमट का होते, याचे उत्तर डब्याच्या टोकालाच मिळाले. पूर्वी जेथे स्वयंपाकघर होते तेथे आता फक्त हॉट केस (जेवण गरम ठेवण्याची पेटी) आणि चहाचे यंत्र आहे. स्वयंपाक वाटेतल्या एखाद्या शहरातील बेस किचनमध्ये, म्हणजे गाडीबाहेरच्या मोठ्या स्वयंपाकघरात होतो, तेथून तो बंद डब्यांत गाडीवर चढवला जातो आणि पुढे कित्येक तास तसाच ठेवून वाटला जातो. मोठ्या प्रमाणावर जेवण पुरवायचे तर बेस किचन लागते, हे मला मान्य आहे आणि त्याला माझा विरोधही नाही. परंतु मग गाडीत स्वयंपाक होत असल्याची जाहिरात करू नये. गाडीत शेगडी नसल्याचा सर्वाधिक त्रास पथ्यपाणी असणाऱ्यांना झाला. आरक्षण करतानाच आम्ही आईच्या एकादशीच्या फराळाची नोंद करून दिली होती. त्या दिवशी तिला दोन केळी आणि बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट देण्यात आले. साबुदाण्याची खिचडी किंवा वरईचे तांदूळ करून देण्याची आपल्या कर्मचाऱ्यांची इच्छा होती, पण ते शिजवायला त्यांच्याकडे काहीच नव्हते. कांदा-लसूण न खाणाऱ्या सहप्रवाशांनाही बहुतेक वेळा दहीभातावरच भागवावे लागले.

लाउंज डब्याविषयी मला अधिक वाईट वाटते. त्यातील सोफे खिडक्यांना पाठ करून दोन्ही भिंतींना लावले आहेत आणि दोन्ही टोकांना मोठे पडदे बसवून त्यांवर दिवसभर आपल्याच सहलींच्या जाहिराती मोठ्या आवाजात चालू असतात. मान वळवून बाहेर पाहावे म्हटले तर डब्यावर बाहेरून चिकटवलेली देवळांची रंगीत चित्रे काचांवरही आलेली आहेत. त्या फिल्मला बारीक छिद्रे असली तरी त्यातून दिसणारे सगळे धुरकट आणि ठिपक्याठिपक्यांचे दिसते. सायंकाळनंतर तर काहीच दिसत नाही.

रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा नवा रेल्वे पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. जुन्या, १९१४ सालच्या पुलावरून रेल्वे वाहतूक डिसेंबर २०२२ पासून बंद होती, त्यामुळे मधली दोन वर्षे यात्रेकरूंना पुलाअलीकडच्या मंडपमला उतरून रस्त्याने रामेश्वरला जावे लागत होते. समुद्रावरून गाडीने रामेश्वरला जाण्याची आईची फार दिवसांची इच्छा होती आणि त्यासाठीच आम्ही ही यात्रा पूल सुरू होईपर्यंत लांबवली होती. सकाळी गाडी पुलावर आली तेव्हा लाउंजमधील सर्व मंडळी सोफ्यांवर गुडघे टेकून काचेला डोळे लावत होती. मी आईला हाताला धरून डब्याच्या दारापाशी नेले. तेथे आधीच गर्दी होती आणि चालत्या गाडीच्या उघड्या दारात वृद्ध माणसाला उभे करणे धोक्याचे होते, म्हणून आम्ही मागे फिरलो. सुमारे दोन किलोमीटरचा तो पूल तिने फिल्मच्या छिद्रांतून पाहिला. याची भरपाई रुपयांत कशी करायची, हे मला सांगता येत नाही.

आपल्या देशात याहून चांगली व्यवस्था होऊ शकत नाही, असे म्हणता येणार नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला आजही डायनिंग कार आहे. जून २०२२ मध्ये त्या गाडीला नवे एलएचबी (मूळ जर्मन रचनेचे आधुनिक) डबे जोडले गेले तेव्हाही ती काढून टाकली नाही, आणि प्रवाशांना टेबलाशी बसून ऑम्लेट-टोस्ट खाता येते. रेल्वेच्या मोठ्या खिडक्या आणि काचेचे छत असलेल्या व्हिस्टाडोम डब्यांत ४४ आसने असून ती हवी तशी फिरवता येतात आणि काचांवर कोणतेही चित्र नसते. म्हणजे एलएचबीच्या सांगाड्यात बसण्याची आणि बाहेर पाहण्याची चांगली सोय करता येते, हे सिद्ध झालेले आहे.

प्रवासातच मी आपल्या व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार दिली होती आणि परतल्यावर ई-मेलही पाठवला. नवी रचना आधुनिक प्रवाशांच्या आवडीनुसार केली आहे, एवढेच त्याचे उत्तर आले. ते प्रवासी कोण आणि त्यांना कोणी विचारले, हे आपण कळवावे. आम्हाला तरी कोणी विचारले नव्हते.

माझे म्हणणे असे की, नूतनीकरणाच्या नावाखाली आमच्याकडून प्रत्येकी जी वाढीव रक्कम घेतली ती आपण परत करावी आणि एकादशीच्या फराळाबाबत माझ्या आईकडे लेखी दिलगिरी व्यक्त करावी. काचांवरील फिल्म काढणे हे एका दिवसाचे काम आहे, ते पुढच्या फेरीपूर्वी व्हावे. टेबलांना कडेची पट्टी बसवण्यासही फार खर्च येत नाही. उंच स्टुलांच्या जागी निदान निम्म्या डब्यात चौघांची टेबले पूर्ववत बसवावीत आणि गाडीत विजेवर चालणाऱ्या दोन शेगड्या तरी ठेवाव्यात. हे होईपर्यंत माहितीपत्रकातील जुनी छायाचित्रे वापरणे बंद करावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि त्यासाठी आपण विशेष गाड्यांची नोंदणी सुरू करत असल्याचे आपल्याच पत्रकात वाचले. त्या गाड्यांतून येणारे भाविकही वयाने मोठेच असतील. त्यांना हेच डबे मिळू नयेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी या दोन्हींविरुद्ध ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे रीतसर तक्रार दाखल करीन. तिकिटांच्या प्रती, माहितीपत्रक, आरक्षणाच्या वेळी दिलेली फराळाची नोंद, प्रवासात दिलेल्या तक्रारीची पोच आणि दोन्ही डब्यांची मी काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. टेबले आणि बैठकांची मापे लिहिलेला कागदही त्यात आहे. आपल्या तंत्रज्ञांना त्याविषयी काही विचारायचे असल्यास मी नाशिकमध्ये केव्हाही भेटण्यास तयार आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक प्रवासी ग्राहक, नाशिक रोड