मऊ प्रवाळ मिटले, तर आधी पाणी तपासा

माननीय संपादक महोदय,

घरी खाऱ्या पाण्याचे नवे मत्स्यालय मांडल्यावर त्यातील मऊ प्रवाळ मिटले, की अनेक हौशी मंडळी घाईने औषधे ओततात किंवा दिव्यांचा प्रकाश वाढवतात. हे मला फार घातक वाटते. लेदर कोरल हे चामड्यासारखे दिसणारे मऊ प्रवाळ अधूनमधून काही दिवस मिटून अंगावरचा मेणचट पापुद्रा टाकते. तो आजार नव्हे. प्रवाह थोडा वाढवला की पापुद्रा सुटतो. तपासणी आधी पाण्याची व्हावी: लवणता दर हजारी ३५च्या आसपास, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस, अमोनिया व नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्य. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात आणि त्याआधी प्रवाळ सोडणे हा त्या जिवावर अन्यायच आहे. मात्र नायट्रेट आणि फॉस्फेट पूर्ण शून्यावर आणल्यास प्रवाळाची उपासमार होते, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी ३० अंशांपलीकडे गेल्यास प्रवाळ आपल्या ऊतींतील शैवाल गमावून पांढरे पडू शकते, त्यामुळे चिलरला, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राला, चैन समजू नये. टाकी किती जुनी आहे, हे विचारल्याशिवाय विक्रेत्यांनी प्रवाळ विकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे