पेनिक्विक पुण्यात जन्मले, याची पुण्यात खूण हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या संक्रांतीला तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात जाणं झालं. कंबम गावाजवळच्या एका चहाच्या टपरीत मुरुगनच्या तसबिरीशेजारी भरघोस मिशांच्या एका गोऱ्या साहेबाचा फोटो होता आणि त्यालाही ताज्या झेंडूचा हार होता. हे कोण, असं खुणेनेच विचारलं. मालक "पेनिक्विक" एवढंच म्हणाला आणि त्याने बाहेरच्या हिरव्यागार भातखाचरांकडे हात केला.

हे ब्रिटिश अभियंते जॉन पेनिक्विक पुण्यात जन्मले, १५ जानेवारी १८४१ रोजी. वडील फौजेत ब्रिगेडियर. ते आणि जॉनचा मोठा भाऊ दोघेही १८४९ च्या जानेवारीत दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धातल्या चिलियनवालाच्या लढाईत एकाच दिवशी मारले गेले. जॉनना तेव्हा आठ वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. पुढे इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन ते मद्रास इंजिनिअर्समध्ये दाखल झाले आणि १८६० मध्ये हिंदुस्थानात परतले.

त्यांचं मोठं काम म्हणजे मुल्लपेरियार धरण. जागा तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातली, म्हणजे आजच्या केरळातली. पेरियार नदी पश्चिमवाहिनी. घाटमाथ्यावरचा धो-धो पाऊस घेऊन ती अरबी समुद्राला मिळते, आणि डोंगराच्या पलीकडे, मदुराईच्या बाजूला, वैगई नदीचं खोरं मात्र कोरडं. १८७६ ते ७८ च्या ज्या दुष्काळाने आपला दख्खन होरपळला, त्यानेच मदुराईकडची गावंही ओस पाडली. पेरियारचं पाणी डोंगरापलीकडे वळवण्याची कल्पना पेनिक्विक यांची नव्हे. रामनाथपुरमचे प्रधान मुथु इरुळप्प पिळ्ळै यांनी ती १७८९ मध्येच मांडली होती, हेही सांगायला हवं. ती प्रत्यक्षात आणली पेनिक्विक यांनी. १८८६ मध्ये त्रावणकोर संस्थानाशी ९९९ वर्षांचा करार झाला, १८८७ मध्ये काम सुरू झालं आणि १० ऑक्टोबर १८९५ रोजी मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते पाणी सुटलं.

मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं, म्हणून ते काम काय असेल याचा थोडा अंदाज करू शकतो. निबिड जंगल, रस्ता नाही, हिवतापाची साथ. नदी अडवायला घातलेले तात्पुरते बांध पुरात वाहून जायचे आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. मद्रास पायोनियर्सचे जवान आणि कोचीनचे सुतार तिथे राबले. साथीत शेकडो मजूर दगावले. धरणाची उंची पायापासून सुमारे १७६ फूट. बाहेरून दगडी बांधकाम आणि पोटात चुना आणि सुरखीचं (विटांच्या भुकटीचं) काँक्रीट. त्याशिवाय डोंगरातून सुमारे ५,७०० फुटांचा बोगदा. मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या बंधाऱ्यांच्या दुरुस्तीला अजून चुन्याचा घाणा लावत. आमचे म्हातारे मिस्त्री घाण्यातला चुना चिमटीत धरून बोटं चोळायचे. खर लागली की पुन्हा बैल जुंपायचे, वरिष्ठ कितीही घाईत असोत. त्या धरणाच्या पोटातला सगळा चुना असाच कुणीतरी मळला असणार.

इंग्लंडमधलं घरदार विकून त्यांनी धरण पुरं केलं, अशी गोष्ट तिकडे घरोघरी सांगतात. सरकारी कागदांत तिला आधार मिळत नाही, आणि माझ्या मते तिची गरजही नाही. केलेलं काम पुरेसं आहे. धरणावरून केरळ आणि तमिळनाडू यांच्यात दीर्घ वाद चालू आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बांधकामाखाली राहणाऱ्यांची भीतीही खरी आहे. त्या वादात मला पडायचं नाही.

मला बोलायचं आहे ते पुण्याबद्दल. थेनी जिल्ह्यातल्या लोअर कॅम्प या गावी तमिळनाडू सरकारने त्यांचं स्मारक उभारलं आहे. १५ जानेवारीला तिथे शेतकरी पोंगल शिजवतात. विश्वेश्वरय्यांना पुणं विसरलेलं नाही, हे योग्यच आहे. पण याच शहरात जन्मलेल्या पेनिक्विक यांचं नाव मी इथल्या तरुण अभियंत्यांना विचारतो, तेव्हा दहांतला एकही ओळखत नाही. आणि नेमकं आज आपण कोकणात वाहून जाणारं पाणी गोदावरी खोऱ्यात वळवून मराठवाड्याला देण्याच्या गोष्टी करतो आहोत. पश्चिमेचं पाणी पूर्वेला नेण्याचा एवढा जुना आणि आजही चालू असलेला धडा समोर असताना तो आपल्या मुलांना शिकवायला नको?

महापालिकेला विनंती आहे की पुण्याच्या कॅम्प भागात त्यांच्या जन्माची नोंद सांगणारा एक साधा फलक लावावा. मराठी, तमिळ आणि मल्याळम या तीन भाषांत लावावा, आणि त्यावर साथीत गेलेल्या मजुरांचाही उल्लेख असावा. फलकाच्या खर्चात माझ्या निवृत्तिवेतनातून हातभार लावायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता, पुणे