चर्चमधला गळा

महोदय,
आमच्या बायकांच्या भजनी मंडळात पेटी मी वाजवते. कापसाच्या वेचणीत सराव बुडतो, ते असो. परवा भाच्यानं मोबाइलवर अमेरिकेची गायिका अरेथा फ्रँकलिन ऐकवली. शब्द कळले नाहीत. पण एकीनं ओळ टाकायची अन् बाकीच्यांनी झेलायची, हे तर आमचंच!

मग भाच्याकडून सगळं वाचून घेतलं. जन्म 1942, मेम्फिसचा; वाढली डेट्रॉइटमध्ये. वडील बाप्टिस्ट चर्चचे नावाजलेले प्रवचनकार, तिथंच गळा तयार झाला. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं तिला पाचसहा वर्षं गुळगुळीत गाणी गायला लावली, फारसं जमलं नाही. मग अटलांटिक या दुसऱ्या कंपनीनं पियानोवर बसवून चर्चच्या ढंगानं गाऊ दिलं, अन् 1967 साली ‘रिस्पेक्ट’नं देश हलवला. मूळ गाणं ओटिस रेडिंग या गायकाचं, पुरुषाच्या तोंडचं. हिनं ते बाईचं केलं. मला यातच तिची खरी कमाल वाटते. एवढं नाव झाल्यावरही 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये दोन रात्री गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गायली.

गेल्या गुरुवारी तुकडोजी महाराजांच्या भजनात मी एक ओळ तशीच लांबवली. खंजिरीवाली थबकली. सासूबाईंनी विचारलं, “हे वळण कुठलं वो?”

अजून सांगितलं नाही.

– एक पेटीवाली, तालुका तिवसा, जि. अमरावती