स्टेम सेल म्हणजे जादू नाही, पण थापही नाही

संपादक महोदय,

स्टेम सेल (मूळपेशी, म्हणजे जिच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात) म्हटलं की लोक एकतर चमत्कार समजतात नाहीतर फसवणूक, आणि दोन्ही चूक आहे. ब्लड कॅन्सरमध्ये बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात ना, ते स्टेम सेलचंच काम आहे, कित्येक दशकं चालू आहे.

मला खरं थक्क केलं ते जपानच्या शिन्या यामानाकांनी. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या साध्या, पूर्ण वाढलेल्या पेशीत फक्त चार जीन्स घातले आणि ती पेशी परत मूळपेशीसारखी झाली, पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही तेच जमलं, म्हणजे अशा पेशी मिळवायला भ्रूण वापरायचा वादच नाही! २०१२ चं नोबेल उगाच नाही मिळालं. २०१४ मध्ये अशाच पेशींपासून बनवलेला रेटिनाचा पातळ थर जपानमध्ये एका पेशंटच्या डोळ्यात बसवला, नजर फारशी सुधारली नाही पण आणखी बिघडलीही नाही, माझ्या मते हे लहान यश नाही. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तर पेशंटच्याच रक्तातल्या स्टेम सेलचं जीन एडिटिंग (जीनमध्ये नेमका बदल) करून त्या परत देतात, २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरीही मिळाली.

म्हणूनच गुडघा, ऑटिझम, पार्किन्सन्स सगळं एका इंजेक्शनने बरं करतो म्हणणाऱ्या क्लिनिकवाल्यांचा प्रचंड राग येतो. अमेरिकेत पोटाच्या चरबीतल्या पेशी डोळ्यात टोचल्यावर तीन बायकांची दृष्टी जवळजवळ गेली, आणि त्यासाठी त्यांच्याकडून पैसेही घेतले होते. पेपरने अशा जाहिराती छापण्याआधी ट्रायल झाली का, मंजुरी कोणाची, एवढं तरी विचारावं ही विनंती.

- एक वाचक