बॉनेट गरम होतं

खानापूर,
रविवार रात्र

चि. संजूस अनेक आशीर्वाद.

फोनवर पुन्हा माझं तोंड सुटेल म्हणून लिहितोय. काल बेळगावला उद्यमबागेत त्या जुन्या गाड्यांच्या एजंटासमोर "आधी आपली ऐपत बघ" असं मी बोलायला नको होतं. तू "बाबा, तुम्ही जन्मात एक स्कूटर घेतलीत" म्हणालास, तेही खोटं नाही. पण स्टँडवर मला सोडून गाडी वळवलीस आणि मागे बघितलं नाहीस, ते लागलं. आईने तुझ्यासाठी दिलेला डबा माझ्याच पिशवीत राहिला.

स्कॉर्पिओला माझा विरोध नाही. १,९२,००० किलोमीटर ऐकून पळणारा मी नव्हे. बस डेपोत आठ-नऊ लाख पळालेल्या गाड्यांखाली झोपून मी सगळी नोकरी काढली. पुणे-बेंगळूर रस्त्यावर एका लयीत पळालेले दोन लाख एकीकडे आणि गावात अर्धा क्लच दाबून काढलेले ऐंशी हजार दुसरीकडे असतील, तर मी दोन लाखवाली घेईन. तिच्या एमहॉक इंजिनाला टायमिंग चेन असते, बेल्ट बदलायची कटकट नाही. पण सकाळी साडेआठला आपण पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. मी तळवा ठेवून तुझ्याकडे बघितलं होतं, आठवतं का? गिऱ्हाईक येणार म्हणून इंजिन आधीच तापवून ठेवलं, म्हणजे गारठ्यातलं पहिलं स्टार्टिंग आणि पहिला धूर आपल्याला दिसू द्यायचा नव्हता. त्यात ब्रेक-क्लचच्या पॅडलचे रबर कोरे करकरीत आणि ड्रायव्हर सीटची कड फाटून स्पंज बाहेर आलेला. सर्व्हिसच्या पावत्या हातात येईपर्यंत १,९२,००० हा त्याने सांगितलेला आकडा, एवढंच.

तू सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून आतला पट्टा बघितलास तेव्हा मी गप्प होतो, पण फार बरं वाटलं. एमएच-०९ म्हणजे कोल्हापूरची गाडी. २०१९ च्या ऑगस्टात तिकडे किती गाड्या पुरात बुडाल्या! त्यातल्या धुऊन-पुसून विकलेल्या कुठे फिरतात कोणाला ठाऊक. पट्ट्यावर चिखलाची रेघ नव्हती. कार्पेट मात्र उचललं नाही आपण, सीटच्या रुळांचा गंजही बघायचा राहिला. आणि मग चाक काढायला लावून खिशातून व्हर्नियर काढलंस आणि पुढच्या ब्रेक डिस्कची जाडी घेतलीस! एजंट तोंड बघत राहिला. मीसुद्धा. आमच्या डेपोतल्या गाड्यांना ड्रम, आमचा सगळा हिशोब बोटाचा. घरी येऊन तुझ्या आईला दोनदा सांगितलं.

डिस्क बरी निघाली, छान. पण संजू, चोर्ला घाटाच्या उतारावर नुसत्या डिस्कवर भागत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल धरतं. वर्षानुवर्षं तेच ऑइल राहिलं आणि लांब उतारावर पायाखाली सतत ब्रेक दाबून धरला, की ते तापून उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पॅडल थेट फळीला लागतं. म्हणून ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतरायचं. हे तुला शंभरदा सांगितलंय, माहीत आहे. आता नाही सांगत.

कागदांचं बोलू. "बॉर्डरवर कोण विचारतंय, एमएचवरच फिरवा" म्हणाला तो. अरे, बारा महिन्यांच्या वर गाडी इकडे कर्नाटकात ठेवली की इकडचा नंबर घ्यावाच लागतो. म्हणजे कोल्हापूर आरटीओची एनओसी, आधीच्या कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद आणि इकडचा लाइफ टॅक्स नव्याने. तो पावणेपाच लाख म्हणतो, त्यात हे कुठे धरलंय? टायर चारही बदलावे लागणार. गाडी २०१४ ची, म्हणजे २०२९ ला पंधरा वर्षं भरून पुन्हा पासिंग. घेतलीच तर लाखभर बाजूला ठेवूनच घे. आणि एअरबॅग आहेत का तेही विचारलं नाहीस. बेस मॉडेलला नसायच्या. मागच्या आडव्या बाकड्यांवर तर पोराला अजिबात बसवायचं नाही.

बघ, पुन्हा शिकवायला लागलो. तू चाळिशीला टेकलास, स्वतःच्या मशीनवर चार माणसांना पोसतोस. माफ कर.

गाडी कशाला हवी ते मला कळतं. सूनबाईचं माहेर डिचोलीला, बस बदलत जायचं, पोर जांबोटीलाच उलटी करतं. तिची आई आता एकटी. जायला हवंच. दिवसा जा, कणकुंबीला थांबून चहा घ्या, जा. रात्री मात्र नको. पावसात धुकं उतरलं की चोर्ल्याला पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही.

अंताकाकाच्या पायाचं तुला माहीत आहे. अनमोड घाटाच्या उताराला ब्रेक गेले एवढंच तुला सांगितलंय सगळ्यांनी, मीही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती जीप आपल्या अंगणात उभी होती. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं, ते मी बघितलं. सण होता, पाऊस होता, सोलापूरहून आक्का आलेली. मी जुनं काढलं नाही, त्यावरच नवं ओतून दिलं. अंताने आजवर एका शब्दाने विचारलं नाही. तो चतुर्थीला येतो, कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय लांब करून बसतो आणि मला म्हणतो, दादा, मोदक आण की अजून एक.

तुझ्या आईलाही हे ठाऊक नाही.

तर मंगळवारपर्यंत टोकन देऊ नकोस. पहिल्या बसने मी येतो. एजंटाला आदल्या रात्री फोन कर, आम्ही येईपर्यंत चावी लावायची नाही म्हणावं. आधी बॉनेटवर हात, मग स्टार्ट. इंजिन चालू असताना इंजिन ऑइलचं झाकण काढून बघू, भसाभस धूर आला तर आपण चहा पिऊन परत. नाही आला तर कार्पेट उचलू, पावत्या बघू आणि भाव मी करतो. तू बोलू नकोस, तुला लगेच दया येते.

आई म्हणते डबा पुन्हा करून देईन. शेवग्याची आमटी आहे, झाकण घट्ट लावायला सांगतो.

तुझा
बाबा

ता. क. सीलबंद ब्रेक ऑइलचे दोन डबे माझ्या पिशवीत असतील. गाडी घेतलीस तर आधी तिथेच जुनं सगळं काढून टाकू, चारही चाकांचं. तू पॅडल मार, मी खाली झोपतो.