एमएस, ताट आणि मन

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

दूध-गहू बंद केल्याने एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आटोक्यात येईल का, असं तू विचारलं होतंस. नाही येणार. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. तिला लगाम घालायचं काम न्यूरॉलॉजिस्टने दिलेलं औषध करतं आणि त्याला पर्याय ठरेल असा आहार अजून सापडलेला नाही. रॉय स्वँक या न्यूरॉलॉजिस्टने १९४८पासून एमएसच्या रुग्णांना संपृक्त चरबी दिवसाला २० ग्रॅमच्या आत ठेवायला लावली. निकाल आशादायक दिसले, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं ते ठरवता येत नाही.

तरी ताटाकडे लक्ष द्यायचंच. एमएसच्या जोडीला रक्तदाब किंवा मधुमेह आला, तर अपंगत्व लवकर वाढताना दिसतं, आणि ते दोन्ही बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात. अर्धं ताट भाज्या-फळांचं, पाव भाग अख्ख्या धान्याचा, पाव भाग डाळी, अंडी किंवा मासे. सिगारेट पूर्ण बंद, तिथे तडजोड नाही.

सगळ्यात जास्त गफलत पाण्यात होते. लघवीची घाई होते म्हणून माणसं पाणीच तोडतात. मग लघवी दाट होऊन मूत्राशयाला चुरचुरते आणि घाई आणखी वाढते, बद्धकोष्ठता होते, जंतुसंसर्गही होतो. संसर्गाने ताप आला की जुनी लक्षणं उसळतात आणि एमएसचा नवा अटॅक आला असं वाटतं. म्हणून डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर दिवसभरात दीड ते दोन लिटर, घोटाघोटाने. झोपण्याआधीचे दोन तास हात आखडता घे. चहा-कॉफीने घाई वाढते, ती दुपारपर्यंतच. तंतुमय पदार्थ रोज २५ ते ३० ग्रॅमपर्यंत न्यायचे, पण आठवड्याला पाचेक ग्रॅमनेच वाढव. एकदम वाढवलेस तर पोट फुगेल, आणि पाणी कमी असेल तर बद्धकोष्ठता उलट बळावेल.

ड जीवनसत्त्व रक्त तपासल्यावरच घे. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: तहान, उलट्या, मूतखडे. जास्त मात्रेच्या बायोटिनच्या (हे एक ब जीवनसत्त्व) गोळ्या घेत असशील, तर रक्त देण्याआधी लॅबला सांग, थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. अटॅकसाठी मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा तीन ते पाच दिवसांचा कोर्स लागला, तर तेवढे दिवस मीठ आणि गोड कमी.

स्वयंपाक सकाळी, अंगात ताकद असताना, बसून कर. दोन-तीन वेळचं एकदम करून फ्रीजरमध्ये ठेव. ओट्याजवळच्या उष्णतेने अंग जरा तापलं तरी दिसणं धूसर होतं किंवा पाय जड होतात. मायलिन गेलेल्या नसेतून संदेश उष्णतेत नीट जात नाहीत, म्हणून. याला उथॉफचा परिणाम म्हणतात. अंग थंड झालं की बहुधा तासाभरात उतरतो, नवी इजा होत नाही. पंखा लाव, गार पाणी पी. नवं लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं आणि ताप-संसर्ग नसेल, तर मात्र फोन करून डॉक्टरांना कळव. बधिर हाताने भांड्याची उष्णता अजमावू नकोस, चांगला हात वापर.

आता मनाचं. ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला मला फारसा आवडत नाही, कारण रडू आलं की माणसाला आपणच कमी पडलो असं वाटतं. एमएसमध्ये नैराश्य बरंच आढळतं, आणि ते कधी मेंदूतल्या बदलांमुळेही येतं. दोन आठवडे कशातच रस वाटला नाही, झोप-भूक बिघडली, तर ते लक्षण म्हणून सांग. त्यावर कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे बोलून केलेले उपचार) आणि औषधं दोन्ही चालतात. जीव द्यावासा वाटला, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी कुणाला तरी सांगायचं. एरवी आशा म्हणजे उद्याची सोय आजच करणं: दिवसाची दोनच मोठी कामं, मधे विश्रांती, आणि झेपेल तसा व्यायाम, हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत. थकवा येण्याआधीच थांबायचं.

पुढच्या तपासणीत ‘ड’बरोबर बी-१२ही लावून घे. त्याच्या कमतरतेनेही हातापायाला मुंग्या येतात, आणि आपण उगाच एमएसच्या माथी मारतो.

तुझी,
आई